उत्पलाचं अपील

“हात बांधलेले होते त्याचे! तरी मारलं तू त्याला. आता रडून काय फायदा?”

वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात माझ्या पाठीमागच्या बाकावरून हे वाक्य आलं आणि माझा चहा कपातून थेट बशीत गेला. मी जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी हरभऱ्याचे प्लॉट बघायला आले होते, कंपनीची गाडी बंद पडली, म्हणून एसटीची वाट बघत बसले होते.

“न्हाई, न्हाई. माफी कशी देऊ? सगळ्यांच्या देखत मारलंस. शपथ घेतलेला माणूस तू... तुझी ताकद गेली म्हणून समज.”

आवाज अगदी शांत होता. भीती त्याचीच वाटली. मी पर्समधून हळूच मोबाइल काढला आणि मान वळवली. निळा शर्ट, बाहीला खडूची पांढरी रेघ, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरलेला, आणि हातात कांदाभजी. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडं.

“नोमान, ठेव तू,” तो फोनवर म्हणाला. “इथं एक मॅडम पोलिसांना फोन लावायच्या बेतात आहेत.”

“लावू का?” मी विचारलं.

“लावा ना. पण मेलेला माणूस कुठून दाखवू? तो आमच्या डोक्यात आहे.”

त्याचं नाव राजानंद खरात. वाटूरच्या शाळेत इतिहास शिकवायचा, मूळचा केदारखेड्याचा, राहायला जालन्यात. त्याची मोटरसायकल दुरुस्तीला होती म्हणून तोही एसटीनं निघाला होता. बसमध्ये एकच बाक रिकामा होता. मी खिडकीशी बसले, तो कडेला, मध्ये माझी हरभऱ्याच्या नमुन्यांची पिशवी.

जालना येईपर्यंत त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. ते चार मित्र दर रविवारी एक खेळ खेळायचे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. जंगल, किल्ले, राक्षस, जादू. आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो. त्यात पॅलाडिन नावाचा एक योद्धा असतो. ते त्याला मराठीत ‘व्रती’ म्हणायचे. व्रती खोटं बोलत नाही, शरण आलेल्याला मारत नाही, दुबळ्याला सोडून जात नाही. शपथ पाळली तोवर त्याच्या हातात दैवी ताकद. मोडली की गेली.

“आणि मोडली का न्हाई, हे कोण ठरवतं?”

“मी,” तो म्हणाला. “गोष्ट सांगणाऱ्यालाच निवाडा करावा लागतो.”

“ज्याला मारलं तो कोण होता?”

“दरोडेखोर. गावाची बैलं पळवली होती त्यानं.”

“तो सुटला असता, परत आला असता आणि कुणाचा जीव घेतला असता तर?”

राजानंदनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. बस एका गतिरोधकावरून उडाली, पिशवीतले हरभरे खुळखुळले.

“तुम्ही रविवारी काय करता?” त्यानं विचारलं.

*

नोमानच्या वडिलांचं सदर बाजारात गादीघर होतं. खाली कापूस पिंजायचं मशीन आणि वर नव्या गाद्यांची थप्पी. आम्ही त्या गाद्यांवर बसून खेळायचो. नोमान, त्याची बहीण आसिफा, राजानंद आणि मी. चौथा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला होता, त्याची जागा मला मिळाली. आसिफा जालना कोर्टात एका वकिलाकडं ज्युनिअर होती आणि खेळात चोर होती. “दिवसभर कायदा, मंग रविवारी थोडी चोरी केली तर बिघडलं काय?” असं तिचं म्हणणं. नोमाननं आपला ताकद गेलेला व्रती रागानं सोडून दिला होता आणि जादूगार घेतला होता.

मी व्रती घेतली. तिचं नाव ठेवलं उत्पला.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला लाज वाटत होती. एवढी मोठी बाई, लॅबमध्ये बियाणं तपासणारी, आणि इथं गादीवर मांडी घालून म्हणते, ‘मी तलवार म्यान करते.’ पण दुसऱ्याच रविवारी लाज गेली. लॅबमध्ये साहेब ठरवायचे, घरी आई ठरवायची. मी समजूतदार आहे असं सगळे म्हणायचे, म्हणजे मला कुणी काही विचारायचं नाही. इथं राजानंद गोष्ट मध्येच थांबवायचा, माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, “उत्पला, पुलावर जखमी शत्रू पडलाय. पाणी मागून राह्यला. तू काय करतेस?”

आणि सगळे माझ्या उत्तराची वाट बघायचे.

खेळात तो मला ‘तू’ म्हणायचा. खेळ संपला, जिना उतरलो, की ‘तुम्ही’. बदनापूरला माझ्या घराकडं जाणाऱ्या काळी-पिवळी जीपपर्यंत तो मला सोडायला यायचा. बाजारातून रमतगमत, मोसंबीच्या गाड्यांना वळसा घालत. त्या चालण्यात आमचं बोलणं उत्पलाचंच.

“तुमच्या उत्पलानं आज त्या शत्रूला पाणी पाजलं, पण त्याची चप्पल का काढून घेतली?”

“पळून जाऊ नये म्हणून.”

“हे व्रतात बसतं?”

“चप्पल काढू नये असं व्रतात कुठंय, सर?”

“मला सर म्हणू नका हो. शाळेत दिवसभर तेच ऐकतो.”

“मंग काय म्हणू?”

तो मोसंबीच्या गाड्यांकडं बघायला लागला. त्याच्या केसांत, कानाच्या जरा वर, गादीघरातल्या कापसाचा एक पुंजका अडकला होता. मला तो कधीचा दिसत होता. काढावा की नको... असं करत करत स्टँड आला. शेवटी मी हात वर केला, पुंजका काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो त्या कापसाकडं असा बघत राहिला, जसं काही मी त्याला परीक्षेचा पेपर दिला होता.

“कापूस आहे,” मी म्हणाले.

“हो... दिसतोय.”

काळी-पिवळीत बसल्यावर माझं मलाच हसू आलं.

एकदा चालता चालता मी त्याला विचारलं, “दोन शपथा एकमेकींच्या आड आल्या तर? एक पाळायला गेलं की दुसरी मोडते, असं झालं तर?” त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्यांना सांगितलं, “साक्षीनं एक प्रश्न विचारला होता. मी आठवडाभर विचार केला. दोन शपथा भांडल्या, तर जिच्यानं जीव वाचतो ती वरची. आजपासून हा नियम.”

आठवडाभर. मी विचारलेल्या एका प्रश्नावर कुणी आठवडाभर विचार केला, असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं. मला वाटतं, मी त्याच्यात अडकले ती त्या दिवशी. कापसाच्या दिवशी नाही.

*

मग नोमाननं चिडवायला सुरुवात केली.

त्याला वाईट हेतू नव्हता. पण त्याचा व्रती गेलेला होता आणि माझी व्रती मजेत होती. उत्पलानं काही केलं की तो म्हणायचा, “चलतंय, चलतंय. साक्षीच्या व्रतीला सगळं माफ आहे. आमचाच दरोडेखोर महाग पडला.” आसिफा हसायची. मीही हसायचे. राजानंद मात्र कान लाल होईपर्यंत फासे नीट लावत बसायचा.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी गोष्टीत आम्ही एका पिठाच्या गिरणीत होतो. गिरणीवालीनं जात्याखालच्या खड्ड्यात एक पोरगा लपवला होता. राजाच्या सैन्यातून पळालेला, मिसरूडही न फुटलेला. सेनापती दारात आला. सापडला तर पोराला फाशी होती. सेनापतीनं बाकी कुणाला विचारलंच नाही. राजानंद सेनापतीच्या आवाजात माझ्याकडं बघून म्हणाला, “व्रती, तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्या मुलखाला माहीत आहे. तूच सांग. इथं कुणी लपलंय?”

मला त्याच्यावर रागही आला आणि कौतुकही वाटलं. काय पेच टाकला होता! पण उत्तर मला माहीत होतं. नियम त्यानंच केलेला होता.

“इथं कुणी न्हाई,” उत्पला म्हणाली.

सेनापती निघून गेला. पोरगा वाचला. आसिफानं टाळी वाजवली. आणि नोमान गादीवर आडवा होत म्हणाला, “घ्या! व्रती खोटं बोलली. आता बघू सर काय करतात. काय करणार म्हणा... माफ!”

राजानंदनं हातातला फासा खाली ठेवला. खाली पिंजायचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “शपथ मोडली. उत्पलाची ताकद गेली.”

“काय?”

“खोटं ते खोटंच.”

“पण नियम...”

“निकाल दिलाय मी. पुढं चला.”

आसिफा त्याच्याकडं बघत राहिली. नोमानचंही हसू गेलं. मी पर्स उचलली. हे खेळातलं आहे, कुणी मेलेलं नाही, एका मनातल्या बाईची मनातली ताकद गेली आहे, असं मी स्वतःला सांगत जिना उतरले. पण डोळे काही ऐकेनात. खाली नोमानची अम्मी बदरुन्निसा चहाची किटली घेऊन वर निघाली होती. “क्या हुआ बेटा? लडाई में हार गए क्या?” तिनं विचारलं.

“न्हाई अम्मी,” मी म्हणाले, “जिंकले होते.”

*

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. राजानंदचा मेसेज आला, ‘उत्पला कशी आहे?’ मी लिहिलं, ‘बिनताकदीची आहे. कपडे धुऊन राह्यली.’ त्यानं काहीतरी टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं... आणि शेवटी काहीच आलं नाही.

मला शिक्षेचं एवढं नव्हतं. माणूस चुकतो, चुकीचा निकाल देतो. पण त्यानं माझ्याकडं बघितलं नव्हतं. ज्याला नियम आठवत नसतो तो डोळ्यांत बघून चुकतो. ह्याला सगळं आठवत होतं, म्हणून तर मान खाली घातली होती.

मग आसिफाचा फोन आला. “अगं, निकाल पटला न्हाई तर अपील करायचं असतं. रुसून बदनापूरला बसायचं नसतं. येत्या रविवारी ये. मी तुझी वकील.”

“अपील कोणापुढं? परत त्यांच्याचपुढं?”

“तू ये तर.”

मी गेले. गाद्यांची थप्पी वाढली होती, लग्नसराई जवळ आली होती. राजानंद नेहमीच्या जागी बसला होता. दाढी नीट केलेली नव्हती. मला बघून तो उठायला लागला, मग बसला, मग उगाच पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

आसिफानं घसा साफ केला. “माझ्या अशिलाचं म्हणणं एवढंच आहे. दोन शपथा भांडल्या तर जिच्यानं जीव वाचतो ती वरची, हा नियम याच खोलीत झाला होता. माझी अशील खोटं बोलली नसती तर पोरगा फासावर गेला असता. बराबर?”

“बराबर,” नोमान म्हणाला. त्यालाही तीन आठवडे काहीतरी टोचत असणार. “बिलकुल बराबर. त्या दिवशी माझंच तोंड जरा जास्त चाललं होतं.”

सगळ्यांनी राजानंदकडं पाहिलं.

“नियम मला माहीत होता,” तो म्हणाला. “त्या दिवशीपण माहीत होता.”

“मंग निकाल बदला,” आसिफा म्हणाली.

“न्हाई बदलणार.” मी परत पर्स जवळ ओढली. तो पुढं म्हणाला, “म्हणजे मी न्हाई बदलणार. ह्या निवाड्याला मी बसूच शकत न्हाई. दुसऱ्या कुणीतरी बसा.”

“का?” नोमाननं विचारलं.

“कारण मला साक्षी आवडते.”

खालचं मशीन नेमकं त्याच वेळी बंद पडलं होतं. वाक्य खोलीभर ऐकू गेलं. बहुतेक खालीसुद्धा.

“आवडते,” तो परत म्हणाला, आता हळू. “आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी तिला जास्तीची शिक्षा दिली. तिच्या बाजूनं निकाल दिला असता तर तुम्ही म्हणाला असता, बघा. म्हणून विरुद्ध दिला. ज्याला आपण निःपक्षपाती आहोत एवढंच दाखवायचंय, त्यानं निवाडा करू नये.”

नोमाननं आसिफाकडं पाहिलं, आसिफानं नोमानकडं. “यार,” नोमान म्हणाला, “दिसू नये म्हणून? तू तिला सोडायला स्टँडवर जातो आणि परत येताना तुला मोसंबीवाला हाका मारतो तरी ऐकू येत न्हाई. आम्हाला कधीचं दिसून राह्यलं.”

माझा चेहरा तापला होता. मला हसायचं होतं, ओरडायचं होतं, जिना उतरून पळायचंही होतं. पण तिथं एक काम अर्धवट होतं.

“आधी उत्पलाचा निकाल लावा,” मी म्हणाले. “बाकीचं नंतर.”

आसिफा निवाड्याला बसली. तिनं फार वेळ घेतला नाही. उत्पलाची ताकद परत. पण सेनापती तिच्या शब्दावर विश्वास ठेवून गेला होता, तो विश्वास मात्र तिनं मोडला होता, आणि कधीतरी त्याच्यापुढं उभं राहून तिला ते कबूल करावं लागेल. मला हा निकाल पटला. खोटं तर मी बोललेच होते.

*

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या वाटेनं निघालो. बाजार रविवारचा, गर्दी भरपूर, आणि आमच्या दोघांत एक सायकल जाईल एवढं अंतर. मीच बोलले.

“मला राग आलाय.”

“कळतंय. चुकीचा निकाल...”

“त्याचा न्हाई. त्याचं अपील झालं. आजचा.” मी थांबले. “मला सांगायच्या आधी तुम्ही सगळ्यांना सांगितलं. मी तिथं बसलेली, आणि तुम्ही कोर्टात बयाण दिल्यासारखं... मला आवडेल का न्हाई, मला काय वाटतं, काही विचारलं?”

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून एक हातगाडीवाला ओरडला. मी त्याला बाहीला धरून कडेला ओढलं.

“न्हाई विचारलं,” तो म्हणाला. “खरं सांगायच्या नादात... चुकलं माझं. ह्याची काय शिक्षा?”

“दरवेळी शिक्षाच कशाला पाहिजे? आता नीट सांग.”

‘सांग’ म्हणाले होते मी. ‘सांगा’ नाही. त्याच्या ते ध्यानात आलं. माझ्याही आलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

“साक्षी,” तो म्हणाला. शाळामास्तर माणूस, वर्गात तासभर बोलणारा, आणि इथं एकेक शब्द शोधत होता. “रविवार येतो... तेव्हा तू काय उत्तर देशील, ह्यासाठी मी आठवडाभर पेच शोधत असतो. सेनापतीचा प्रश्न मी तुझ्यासाठीच केला होता. मला माहीत होतं तू पोराला वाचवशील. ते ऐकायचं होतं मला. आणि ऐकल्यावर मी...” तो थांबला. “मला तू आवडतेस. तुला काय वाटतं? घाई न्हाई. आठवडाभर विचार कर, महिनाभर कर.”

“माझा विचार झालाय.”

“मंग?”

“ज्या दिवशी तू तो नियम सांगितलास ना... त्या दिवशीच झालाय.”

तो हसला. हसताना अगदी त्याच्या शाळेतल्या पोरांएवढा दिसला. आम्ही चालायला लागलो. आता मध्ये सायकल जाईल एवढी जागा नव्हती. स्टँडपर्यंत तो एकदाही उत्पलाबद्दल बोलला नाही. माझ्याबद्दल विचारत राहिला. लॅबमध्ये दिवसभर काय करते, सकाळी किती वाजता उठते, दोडका आवडतो का. मी सांगत राहिले. दोडका नाही आवडत.

काळी-पिवळी भरत आली होती. एकच जागा उरली होती, एका म्हाताऱ्या आजीच्या शेजारी. मी आत बसले. तो खिडकीशी उभा राहिला.

“पुढच्या रविवारी घरी ये,” मी म्हणाले. “बदनापूरला. आईला आणि पप्पांना भेटायला.”

“एवढ्या जल्दी?”

“आई मुलं बघून राह्यली. तिनं विचारलं तर मी खोटं न्हाई बोलणार.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. “मी त्यांना काय सांगू?”

“आज चारचौघांत जे सांगितलंस तेच. तुला आता सवय झाली.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. राजानंद गाडीबरोबर चार पावलं चालत आला, काहीतरी म्हणाला, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हातानं ‘काय?’ म्हटलं. त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “येतो!”

गाडीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेजारच्या आजीनं मान वाकवून खिडकीतून मागं पाहिलं, तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं, मग मला कोपरानं ढोसलं.

“नवरा का गं बाई?”

“न्हाई,” मी म्हणाले. गाडी नाक्यावरून वळली, वारा तोंडावर आला. “अजून न्हाई.”